लढाई नेमकी कुठं झाली?

मावसबहीण यंदा बी.ए. झाली. परवा तिचा फोन आला. "ताई, एम.ए. इथंच करू का पुण्याला येऊ? विषय तोच, पुस्तकं तीच. तू तिथं दोन वर्षं राहून वेगळं काय केलीस?" आमच्याकडं 'काय केलीस' असंच म्हणतात. उदगीर, जिल्हा लातूर, थोडं पुढं गेलं की कर्नाटक. फोनवर मला धड काही सांगता आलं नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात २०२२ ते २०२४ मी इतिहासात एम.ए. केलं. मार्क बरे पडले. पण तिनं मार्क विचारलेच नव्हते. म्हणून हे बसून लिहिते आहे.

गोष्ट सुरू होते ती उदगीरलाच. एप्रिल २०२२ मध्ये आमच्या गावात ९५वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. भारत सासणे अध्यक्ष होते. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, गळ्यात स्वयंसेवकाचा बिल्ला, काम पाण्याचे जार भरले आहेत की नाही हे बघायचं. ऊन असं की मांडवाच्या सावलीतसुद्धा जीव घाबराघुबरा. तिथं पुण्याहून आलेल्या एक बाई मला म्हणाल्या, "अगं, ती उदगीरची लढाई नेमकी कुठे झाली? बघून येता येईल का?" मी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "किल्ल्यापाशीच की. रिक्षानं दहा मिनिटं." बाई खूश होऊन रिक्षात बसून गेल्या. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मीही खूश. त्या बाई आज भेटल्या तर मी त्यांची माफी मागेन. का, ते पुढं येईल.

जूनमध्ये अर्ज भरला, मग ऑनलाइन प्रवेश परीक्षा, मग गुणवत्ता यादी. वसतिगृहासाठी माझा नंबर पहिल्या यादीत नव्हता, तेव्हा पहिले दोन महिने खडकीला कॉट बेसिसवर काढले. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी: खोली आपली नसते, खोलीतला एक पलंग आपला असतो. पलंगाखाली ट्रंक, पलंगावर आपण, आणि उशाशी मोबाइलचं चार्जर, ज्यावर शेजारच्या कॉटवालीचाही हक्क असतो. पप्पा सोडायला आले होते. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पहाटे उतरलो, सकाळी विद्यापीठात आलो. गणेशखिंडीतला तो चौक तेव्हा मेट्रोच्या कामानं उकरून ठेवला होता. जुना उड्डाणपूल २०२० मध्येच पाडलेला. पप्पा धूळ झटकत म्हणाले, "एवढं मोठं पुणं आन् रस्ता आपल्यासारखाच." दरवाज्यातून आत गेल्यावर मात्र ते गप्प झाले. आत ४११ एकर झाडी आहे. वडाच्या पारंब्या रस्त्यावर येतात. आमच्या अख्ख्या कॉलेजात मिळून आठ-दहा झाडं होती, तीही पार्किंगच्या कडेनं.

पहिला दीड महिना मी वर्गात बोललेच नाही. कारण सांगायला आता लाज वाटत नाही. पहिल्याच आठवड्यात ओळख करून देताना मी म्हटलं, "मी नांदेड विद्यापीठातून बी.ए. केलो." मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. वाईट हेतूनं नसेल, पण मला ते पुरलं. त्यानंतर तोंड उघडायच्या आधी मी वाक्य मनात दुरुस्त करायला लागले, आणि दुरुस्त होईपर्यंत सरांचा पुढचा मुद्दा निघालेला असायचा.

कार्यक्रमांना जायला लागले ती यामुळे. ज्ञान वगैरे नंतर आलं. व्याख्यानाला गेलं की कुणी तुम्हाला काही विचारत नाही. शेवटच्या रांगेत बसायचं, पंखा बघून खुर्ची निवडायची, दीड तास शहरात असल्यासारखं वाटतं. आणि चहा असतो. खरं तेच लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते, की माझं पहिलं राष्ट्रीय चर्चासत्र मी उपम्यासाठी गाठलं. नोंदणीच्या टेबलावर सही करायची, फाइल, पेन, जेवणाचं कूपन. विषय माझा नव्हता. महिनाअखेर होती, मेसचे पैसे भरायचे राहिले होते. त्या दिवशी श्रीखंड होतं.

आप्पा बळवंत चौकातून एक दोनशे पानी वही आणली. कार्यक्रम, ठिकाण, तारीख, ऐकलेली एक गोष्ट आणि झालेला खर्च, एवढंच लिहायचं. दोन वर्षांत ती वही भरून दुसरी निम्मी झाली. आज चाळली तर मजा वाटते. खर्चाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी बसचं तिकीट आणि एक चहा. या शहरात संध्याकाळी फुकट ऐकायला इतकं असतं की नुसत्या बसभाड्यावर दुसरी पदवी व्हावी. पण कार्यक्रम निवडायचं कसब लागतं. पत्रिकेत प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, सन्माननीय उपस्थिती अशी नावांची उतरंड दिसली की समजायचं, शाल-श्रीफळात पाऊण तास जाणार. अशा ठिकाणी मी अर्धा तास उशिरा जायला शिकले. पत्रिकेवर एकच नाव आणि एकच विषय असेल तर मात्र वेळेआधी जायचं.

विद्यापीठाच्या आवारातलंच सांगायचं तर ललित कला केंद्राच्या मुलांचे नाटकाचे प्रयोग मी एकही सोडायचे नाही. तिथं चुकलं तरी गंमत यायची, कारण करणारे आपल्याच वयाचे. आणि आयुका, म्हणजे आवारातलीच खगोलशास्त्राची संशोधन संस्था. २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, आयुकाचं दार सगळ्यांना उघडं असतं. मी इतिहासवाली, मला तिथं काय कळणार म्हणून पहिल्या वर्षी जाणारच नव्हते. शहाद्याच्या रूममेटनं ओढून नेलं, ती फिजिक्सची. चार्ल्स कोरिया यांनी बांधलेली ती वास्तू, आतल्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन असे चौघांचे पुतळे, आणि त्यांच्या पायांशी शाळांच्या सहलीतली शेकडो पोरं डबे उघडून बसलेली. न्यूटनच्या डोक्याला ऊन लागू नये म्हणून एका पोरानं स्वतःची टोपी काढून वर घालायचा प्रयत्न चालवला होता. रूममेटनं सांगितलं, आयुका उभी करणारे जयंत नारळीकर सर पोरांना नुसती सही द्यायचे नाहीत. पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही येईल, असं सांगायचे. हे मी वहीत दोनदा अधोरेखित करून ठेवलंय. प्रश्नाशिवाय सही नाही.

वसतिगृहात आल्यावर 'कमवा आणि शिका' योजनेत नाव घातलं. मला जयकर ग्रंथालयात काम मिळालं: परत आलेली पुस्तकं जागेवर लावायची. तासांची नोंद, हजेरीपत्रकावर सही, महिन्याचे पैसे खात्यावर. पैसे फार नव्हते, पण मेसचा बराचसा भार हलका व्हायचा. आणि पुस्तकं लावताना कळतं की लोक काय वाचतात. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं दिवसातून तीनदा लावावी लागत. आमच्या इतिहासातले काही खंड असे होते की दोन वर्षांत मी सोडून त्यांना कुणी हलवलं नाही.

जयकरमध्येच ती भेटली. काबूलची, राज्यशास्त्रात एम.ए. करत होती. ती इथं असतानाच तिच्या देशातलं सरकार पडलं होतं, त्यामुळे सुट्टीत घरी जायचा प्रश्नच उरला नव्हता. माझी मराठी दुरुस्त करत करत यायची, तिची हिंदी सिनेमातून आलेली, तेव्हा दोघींना एकमेकींसमोर संकोच वाटायचं कारण नव्हतं. एकदा अनिकेत कँटीनला चहा घेताना तिनं विचारलं, "तू कुठल्या गावची?" मी उदगीर म्हटलं आणि सवयीनं पुढं जोडलं, "तिथं १७६० मध्ये लढाई झाली होती. सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं." मग म्हटलं, "त्याच्या पुढच्या वर्षी भाऊ पानिपतला पडले." पानिपत म्हणताच तिनं कप खाली ठेवला. "अहमद शाह बाबा," ती म्हणाली.

मला काही क्षण कळेचना. आम्ही शाळेपासून ज्याला नुसता अब्दाली म्हणतो, त्याला ती बाबा म्हणत होती. तिच्या देशात तो राष्ट्राचा बाप आहे. आमच्याकडं एखाद्याचा पुरता बोजवारा उडाला की 'पानिपत झालं' म्हणतात, हे मी तिला समजावून सांगितलं. गणिताच्या पेपरात, निवडणुकीत, क्रिकेटमध्ये, कुठंही पानिपत होतं. ती खूप हसली. मग म्हणाली, "आमच्याकडं असा शब्द नाही. आम्ही जिंकलो होतो ना." मग जरा थांबून, "जिंकून घरी गेलो, एवढंच. त्यानंतरचं बघ." त्या टेबलावर मला पहिल्यांदा जाणवलं की मी जे पाठ करून आलेय ते एका खिडकीतून दिसणारं आहे. वर्गात इतिहासलेखनशास्त्राच्या पेपरात 'दृष्टिकोन' हा शब्द शंभरदा ऐकला होता. एवढा जोर त्याला तेव्हा नव्हता.

यानंतर डिसेंबरात मी भारत इतिहास संशोधक मंडळात गेले. विद्यापीठातून बसनं मनपा, तिथून चालत सदाशिव पेठ. वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० मध्ये काढलेली ही संस्था. तिथं पाक्षिक सभा होतात. कुणीतरी एक विषय मांडतं, ऐकणारे ऐकतात, आणि मग विचारतात. हार नाही, तुरे नाहीत. सभा वेळेवर सुरू होते; मी माझ्या सवयीनं वीस मिनिटं उशिरा पोचले आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. पुढच्या वेळेपासून मी तिथं दहा मिनिटं आधी जाऊन बसायचे.

त्या दिवशी सभा संपल्यावर एक आजोबा जिन्यात भेटले. धोतर नव्हतं, पगडी नव्हती. पँट-शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत कोथिंबीर. "नवीन दिसता. कुठल्या?" मी म्हटलं, उदगीर. "अरे वा!" आता शाबासकी मिळणार म्हणून मी ताठ झाले. आजोबा म्हणाले, "मग सांगा, उदगीरची लढाई नेमकी कुठं झाली?"

"किल्ल्यापाशी."

"असं कुठं वाचलंत?"

मी कुठंच वाचलं नव्हतं. गावाचं नाव उदगीर, लढाईचं नाव उदगीर, गावात किल्ला. यात वाचायचं काय? आजोबांनी चेष्टा केली नाही, लांबलचक सांगतही बसले नाहीत. "बघा शोधून," म्हणाले आणि जिना उतरून गेले. मला वाटतं कोथिंबीर घरी वेळेत न्यायची असावी.

मग मी शोधलं. जयकरमध्ये ज्या खंडांवरची धूळ मीच झटकत होते तेच आता उघडले. निजामाच्या बाजूनं सलाबतजंग आणि निजाम अली होते, इकडून भाऊ. इब्राहिमखान गारदी, जो आधी निजामाकडं होता, तो तोवर मराठ्यांच्या बाजूला आलेला. निजामाची फौज उदगीरला कोंडली जायला लागली, तेव्हा ती तिथून धारूरच्या दिशेनं निघाली. वाटभर मराठे तिला टोचत राहिले. रसद तोडली, मागची माणसं कापली. निर्णायक मारा झाला तो ३ फेब्रुवारी १७६० ला, औशाच्या बाजूला. औसा आमच्यापासून चांगलं साठ-सत्तर किलोमीटर. म्हणजे संमेलनातल्या त्या बाईंना मी रिक्षानं दहा मिनिटांवर पाठवलं ते साफ चूक. लढाई उदगीरहून चालू लागली होती. तिला एक जागाच नव्हती. ती एक वाट होती.

त्या विजयानंतर निजामानं साठ लाखांचा मुलूख सोडला, दौलताबाद-असीरगडसारखे किल्ले दिले. भाऊंचं नाव झालं, आणि त्या नावावरच मार्चमध्ये परतूरच्या मुक्कामी त्यांना उत्तरेत पाठवायचं ठरलं. हे मी काबूलवालीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या गावात ते हरले असते तर माझ्या गावच्या लोकांशी गाठच पडली नसती." परीक्षेत असं लिहिता येत नाही. पण त्या वर्षी मी ऐकलेलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच.

मग ओढच लागली. मंडळातच मोडीचा वर्ग केला. मोडी शिकताना पहिले पंधरा दिवस सगळं एकसारखं दिसतं, नंतर अचानक एक दिवस 'र' ओळखीचा वाटतो आणि रस्त्यात भेटलेल्या गाववाल्यासारखा आनंद होतो. स्टेशनजवळच्या पुरालेखागारात, ज्याला सगळे अजून पेशवे दफ्तरच म्हणतात, एकदा विभागाबरोबर आणि नंतर एकटी गेले. कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, त्यांना 'रुमाल' म्हणतात. रुमाल सोडताना त्या माणसांचे हात बघण्यासारखे असतात. मला त्या कागदांतलं अजून फारसं वाचता येत नाही. लावून लावून दोन ओळी लागतात, तिसरीत अडते.

या उत्साहात मी 'आविष्कार'मध्ये पोस्टर घातलं. आविष्कार ही राज्यातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा, २००६ पासून चालू आहे. आधी आपल्याकडं निवड, मग वर, मग राज्य पातळी. मानव्यविद्या गटात माझा विषय: 'उदगीरची लढाई: गाव की वाट?' आप्पा बळवंत चौकाजवळ रात्री फ्लेक्स छापून घेतला. छापणारा दादा म्हणाला, "ताई, एवढं बारीक कोण वाचणार?" मी म्हटलं, "तुम्ही छापा हो." त्या फ्लेक्सवर मी अकराशे शब्द घातले होते. आमच्या प्रकल्पाच्या अर्ध्याहून जास्त. सकाळी उभा केल्यावर दोन पावलांवरून तो करड्या रंगाचा पडदा दिसायला लागला. परीक्षक आले, चष्मा वर केला, खाली केला, म्हणाले, "थोडक्यात सांगा." आणि माझ्याकडं थोडक्यात असं काही नव्हतंच. शेजारी एका मुलीनं आठवडी बाजारातल्या बायकांच्या बचतीवर पोस्टर केलं होतं: मोठा एक नकाशा, चार आकडे, एक फोटो. तिची निवड झाली. बरोबर झाली. तो फ्लेक्स पुढं वसतिगृहात पावसाळ्यात खिडकीला लावायला कामी आला.

दुसऱ्या वर्षी, २०२३ च्या ऑगस्टमध्ये, नव्या मुलांना आवार दाखवायची टूम आमच्यातल्याच कुणीतरी काढली. अधिकृत काही नाही. रविवारी सकाळी साडेसातला दरवाज्यापाशी जमायचं, दोन तास फिरायचं, शेवटी चहा. मराठवाड्यातली, खानदेशातली, विदर्भातली मुलं दर वर्षी येतात आणि माझ्यासारखीच दीड महिना गप्प बसतात हे मला पक्कं माहीत होतं. बोलायचं काम माझ्याकडं आलं. आठवडाभर तयारी केली. यंदा अकराशे शब्द नाहीत, असं स्वतःला बजावलं. प्रत्येक थांब्यावर एकच गोष्ट.

सत्तावीस जण आले. मुख्य इमारतीसमोर मी सांगितलं की ही मुळात विद्यापीठाची नव्हेच. मुंबईच्या गव्हर्नराला पावसाळ्यात राहायला म्हणून बार्टल फ्रिअरनं हिचं काम १८६४ मध्ये सुरू केलं, पूर्ण व्हायला १८७१ उजाडलं. मुंबईत कापसाच्या पैशाचा पूर आला होता तेव्हा पाया घातला आणि अमेरिकेतली यादवी संपून कापूस कोसळला तरी बांधकाम चालूच, म्हणून थेट ब्रिटिश पार्लमेंटात बोंब झाली होती. विद्यापीठ आलं १९४९ मध्ये, मु. रा. जयकर पहिले कुलगुरू. "आणि त्याच्या जेमतेम पाच महिने आधीपर्यंत आमचं उदगीर निजामाच्या राज्यात होतं," हे मी आगाऊपणे घुसडलं. पोरं हसली. एक परभणीचा मुलगा म्हणाला, "आमचंबी." तिथून वातावरण मोकळं झालं. सावित्रीबाईंच्या पुतळ्यापाशी दोघी-तिघींनी फोटो काढून घरी पाठवले. विद्यापीठाला त्यांचं नाव २०१४ मध्ये मिळालं. माझ्या आईला अजूनही ते नुसतं 'पुणे विद्यापीठ' वाटतं, पण पुतळ्याचा फोटो तिनं देवघराच्या बाजूला लावलाय.

आणि मग मी चापेकरांवर आले. दरवाज्याकडं हात करून, आवाज चढवून सांगितलं, "२२ जून १८९७. राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून याच इमारतीत समारंभ होता. तो संपवून प्लेगचा अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट आपापल्या बग्गीतून निघाले. गणेशखिंड रस्त्यावर अंधारात चापेकर बंधू दबा धरून बसले होते. 'गोंद्या आला रे' अशी हाळी झाली, गोळ्या सुटल्या, आणि रँड जागच्या जागी ठार झाला!"

"नाही मॅडम."

मागं सुरक्षारक्षक उभे होते. आमचा घोळका एवढ्या सकाळी कसला म्हणून बघायला आलेले, आणि ऐकत थांबलेले. पन्नाशीचे असतील. "जागेवर आयर्स्ट गेला. रँड नंतर गेला, दवाखान्यात. अकरा दिवस होता." मी मनात मोजलं. ३ जुलै. बरोबर अकरा दिवस. हे मला माहीत होतं! आठवड्यात चारदा वाचलं होतं. पण गोष्ट रंगवायच्या नादात रँडला मी अकरा दिवस आधीच मारून टाकलं.

सगळे माझ्याकडं बघत होते. वर्षभरापूर्वी असं झालं असतं तर मी दुसऱ्या दिवशी ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलं असतं. "तुम्हाला कसं काय माहीत, काका?" मी विचारलं. "मी चिंचवडचा," ते म्हणाले, जणू यात सगळं आलं. चापेकरांचा वाडा चिंचवडला आहे, शाळेत असताना दर वर्षी प्रभातफेरी निघायची, भाषण पाठ करावं लागायचं. "पुढचं तुम्हीच सांगा की," मी म्हटलं. त्यांनी आधी आढेवेढे घेतले, टोपी नीट केली आणि सांगितलं. प्लेगच्या दिवसांत घरात शिरून होणाऱ्या तपासण्या, लोकांचा संताप, दामोदर कसा पकडला गेला, मग बाळकृष्ण, मग वासुदेव आणि त्यांचा साथीदार रानडे. माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं सांगितलं. पाठ केलेलं भाषण होतं, पण चाळीस वर्षं पोटात मुरलेलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. चहाला ते आले नाहीत, ड्युटी होती. मग आम्ही कटिंग त्यांच्या केबिनपर्यंत नेऊन दिला.

त्या दिवशीच्या वहीत खर्चाच्या रकान्यात लिहिलंय: चहा २८. सत्तावीस आम्ही आणि एक केबिनमध्ये. पुढच्या ओळीत: 'रँड, ३ जुलै. परत चुकायचं नाही.'

दुसरं वर्ष भराभर गेलं. एप्रिल-मेमध्ये वसंत व्याख्यानमाला, न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली. परीक्षेच्या अभ्यासातून वेळ काढून टिळक स्मारकला तीनदाच जाता आलं. त्या तीनपैकी एका व्याख्यानात मी चक्क झोपले, हेही वहीत आहे. काबूलची मैत्रीण पुढं शिकायला जर्मनीला गेली. जाताना तिनं मला पिस्ते दिले आणि मी तिला काळ्या मसाल्याची पुडी. विमानतळावर तो वास सगळ्या बॅगेला लागला म्हणून तिनं शिव्यांचा मेसेज पाठवला, त्यात 'पानिपत' हा शब्द अचूक वापरला होता.

वर्गात बोलायला लागले ते कधी, हे नेमकं सांगता येणार नाही. दुसऱ्या वर्षाच्या सेमिनारमध्ये घाईत 'मी हे कागद बघितलो' असं म्हणून गेले, आणि कुणी हसलं की नाही हे बघायचं राहूनच गेलं, कारण मॅडमनी लगेच विचारलं, "कुठले कागद? तारीख?"

आता प्राध्यापकीसाठीच्या सेट-नेट परीक्षांची तयारी चालू आहे. मागच्या दिवाळीत घरी गेले तेव्हा मावसबहीण, तिच्या दोन मैत्रिणी, पप्पा आणि गल्लीतली चार पोरं असं आमचं वऱ्हाड किल्ल्यावर गेलं. पप्पांचा जन्म उदगीरचा, तरी आतपर्यंत येऊन त्यांना वीस वर्षं झाली होती. उदागीरबाबांच्या समाधीला नमस्कार झाला, तटावर चढलो. मी सांगायला सुरुवात केली: फौज इथून निघाली, अशी, तिकडं. बोटानं दाखवलं. पोरं बोटाच्या दिशेनं बघायला लागली. समोर गावातल्या पाण्याच्या टाक्या, मोबाइलचे टॉवर आणि पलीकडं सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं.

पप्पांनी हात कपाळाला लावून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "तिकडं म्हंजे धारूर. मग औसा तिकडं नाही, औसा इकडं हाय. निघाले धारूरला आन् पोचले औशाला? का बरं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. वही पुण्याला खोलीवर राहिली होती. मावसबहिणीकडून पेन मागून घेतलं आणि तिच्या तिकिटाच्या मागं प्रश्न उतरवून घेतला.